आजीच्या कुंपणावरचा घेवडा हरवला, तर परत मिळेल का?

मंडईत घेवडा जवळपास वर्षभर दिसतो. मग जुन्नर-आंबेगावच्या एखाद्या वाडीतली जुनी वेल गेली, तर बिघडलं कुठे? बिघडतं, कारण त्या वेलीचं बियाणं दुकानात मिळत नाही. ते फक्त त्या घरात असतं.

हा घेवडा कोणता?

नावांचा गोंधळ मोठा आहे. श्रावण घेवडा म्हणजे फरसबी. वाघ्या घेवडा म्हणजे राजम्याचा प्रकार. इथे विषय आहे वाल-पावट्याच्या जातीच्या वेलीचा. हिची फुलं पांढरी किंवा जांभळी, शेंगा कुठे चपट्या तर कुठे जांभळ्या कडेच्या, बी पांढरं, तांबूस किंवा काळं. युरोप-अमेरिकेत तर लोक ही वेल निव्वळ जांभळ्या फुलांसाठी बागेत लावतात.

वेल मागे का पडली?

जुने वाण दिवसाच्या लांबीवर चालतात. जून-जुलैमध्ये बी टोकलं, तरी दिवस लहान होईपर्यंत ते फुलावर येत नाहीत. शेंगा मिळतात थंडीत, त्याही थोड्या थोड्या करून. घरच्या भाजीला हे सोयीचं, बाजाराला नाही. व्यापाऱ्याला एकसारखा माल एकदम लागतो.

जुन्नर-आंबेगावचा पूर्व भाग कुकडी प्रकल्पाच्या पाण्यामुळे बागायती झाला. ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षं आली. पश्चिमेच्या सह्याद्रीत भातखाचरं आहेत. तिथे परसबाग आणि कुंपण ही अशा वेलींची हक्काची जागा. पण नवी पिढी शहरात गेली आणि मांडव मोडला, की बियाणंही थांबतं.

हरवलेलं जपता येतं का?

येतं, आणि उदाहरण शेजारीच आहे. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी वालासह अनेक पिकांचे गावरान वाण जमवले. ‘बायफ’ संस्थेच्या मदतीने बियाणे बँक उभी राहिली. 2018 मध्ये ‘बीबीसी’च्या 100 महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

बी कसं धरायचं?

• एकाच वेलीवर विसंबू नका. चार-पाच निरोगी वेली निवडा.
• त्यांच्यावरच्या चांगल्या शेंगा भाजीला न तोडता बियाण्यासाठी राखा. सगळं खाऊन उरलेलं ते बियाणं, असं करू नका.
• फुलात बहुतेक वेळा आपोआप फळधारणा होते, पण भुंगे परागकण इकडचे तिकडे नेतात. म्हणून दोन वाण लांब लावा.
• शेंगा वेलीवरच वाळू द्या. दाताखाली दबणार नाही इतकं बी सुकवा.
• कडधान्याला भुंगा लागतो. म्हणून चाळलेल्या कोरड्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.
• डब्यावर गावाचं नाव, बियाणं देणाऱ्याचं नाव आणि वर्ष लिहा.

शहरात मोठी कुंडी, भरपूर ऊन आणि गॅलरीच्या ग्रीलला बांधलेली दोरी पुरते.

बियाणं वाटणं कायदेशीर आहे का?

हो. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपल्या शेतातलं बियाणं ठेवू, पेरू, वाटू आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

मग परत मिळेल का?

कुणाच्या तरी डब्यात बी असेल, तरच. पण डब्यातलं बीही म्हातारं होतं, दरवर्षी थोडी थोडी उगवण घटते. त्यामुळे वाण जिवंत राहतो तो पुन्हा पेरल्यानेच. या थंडीत गावी गेलात, तर मूठभर बी मागून आणा. पुढच्या थंडीत त्यातलं मूठभर दुसऱ्या कुणाला द्या. एका घरातली वेल गेली, तरी दुसऱ्या घरातून ती परत आणता येईल.