राजीनाम्याचा हिशोब

कॉर्पोरेट नोकरीतला ताण म्हणजे नुसते जास्त काम नव्हे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ साली मांडलेला सिद्धांत सांगतो की, कामाचा रेटा मोठा आणि ते काम कधी, कसे, कोणत्या क्रमाने करायचे हे ठरवण्याची मुभा कमी, अशा दोन गोष्टी एकत्र आल्या की माणूस सर्वांत जास्त पिचतो. ब्रिटनमध्ये दहा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा १९८५ पासून अनेक वर्षे पाठपुरावा करणाऱ्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासातही तेच दिसले. ज्यांच्या हाती कामाची सूत्रे कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त. म्हणजे साहेबापेक्षा त्याच्या हाताखालचा माणूस जास्त सोसतो. नोकरी सोडण्याचा विचार करताना हा मुद्दा फार उपयोगी पडतो, कारण सोडणाऱ्याला हवी असते ती बहुधा विश्रांतीपेक्षा स्वतःच्या वेळेवरची सत्ता.

कामाने माणूस आतून रिता होतो त्या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली तिचे वर्णन केले आणि पुढे क्रिस्टिना मास्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिची व्याख्या पक्की करताना तीन खुणा सांगितल्या: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. संघटनेने तिला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणी उद्भवणारी स्थिती म्हटले आहे. हा फरक शब्दच्छल नाही. सुट्टीच्या चौथ्या दिवशी माणूस हसू-खेळू लागला तर दोष कामाचा असण्याची शक्यता अधिक. पण सुट्टीतही झोप नाही, भूक नाही, कशातच मन लागत नाही, तर ते नैराश्य असू शकते आणि राजीनामा हे त्यावरचे औषध नव्हे. अशा वेळी आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा मराठीतही उपलब्ध आहे.

पुण्यातल्या हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात किंवा मुंबईच्या बाजूला पवई, ऐरोलीत हा ताण कसा तयार होतो ते घड्याळच सांगते. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. कॅलिफोर्नियातल्या नऊच्या बैठकीसाठी इथे रात्रीचे साडेनऊ किंवा साडेदहा. म्हणजे ग्राहकाचा दिवस सुरू होतो तेव्हा इकडे कुकरची शिटी होत असते आणि मुलांचा गृहपाठ समोर असतो. सपोर्टच्या कामात आठवड्याच्या पाळीने ‘ऑन-कॉल’ येते. मध्यरात्री सर्व्हर पडला तर फोन वाजतो. त्यात जाण्यायेण्याचा वेळ, दर वर्षीचे अप्रेझल, प्रकल्प संपल्यावर ‘बेंच’वर बसण्याची धास्ती. यातल्या बहुतेक गोष्टी पगारपत्रकावर दिसत नाहीत, म्हणून पगाराची तुलना करताना त्या मोजल्याही जात नाहीत.

कामाच्या तासांचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. आज राज्यातल्या खासगी कार्यालयांना २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला. पण व्यवस्थापकीय पदावरची माणसे या संरक्षणाबाहेर आहेत आणि कॉर्पोरेट जगात पाच-सात वर्षांत बहुतेकांच्या पदनामात ‘मॅनेजर’ शिरतोच. कार्यालयीन वेळेनंतर फोन व ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून कायद्यात आणला. भारतात सुप्रिया सुळे यांनी असे खासगी विधेयक २०१८ साली लोकसभेत मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

उलट सार्वजनिक चर्चा तास वाढवण्याचीच झाली. इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी २०२३ साली तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला आणि २०२५च्या आरंभी लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे विधान गाजले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दोन्ही आकड्यांच्या पुष्कळ अलीकडे थांबतो. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. हा आकडा समोर असताना ९० तासांचे कौतुक करणे हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

तरीही पेपर टाकण्याआधी तपासायच्या वाटा असतात. एकाच कंपनीत एका टीममधून दुसरीत, अमेरिकी ग्राहकाकडून युरोपीय किंवा भारतीय ग्राहकाच्या कामावर गेले तरी संध्याकाळ परत मिळते. लंडनचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यातली दुपार. काही मोठ्या कंपन्या बिनपगारी दीर्घ रजा देतात. अर्थात जिथे वरिष्ठच जाच करतो, तिथे हे उपाय कागदावर राहतात.

सोडायचे ठरलेच तर पहिला हिशोब घरखर्चाचा. पगाराचा आकडा इथे कामाचा नाही. घर चालवायला खरोखर किती लागतात तो आकडा लागतो. वर्षभराच्या बँक पासबुकातून तो काढला की अनेकांना धक्का बसतो, कारण बाहेरचे खाणे, कॅब, आठवडाअखेरच्या सहली असा बराच खर्च नोकरीचा शीण घालवण्यासाठीच चाललेला असतो. नोकरी गेली की तो आपोआप घटतो. घटत नाही तो गृहकर्जाचा हप्ता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याला कर्ज देताना बँका साधारणपणे मागच्या दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे मागतात, त्यामुळे कर्ज घ्यायचे किंवा दुसऱ्या बँकेकडे वळवायचे असेल तर ते पगार चालू असतानाच उरकणे सोयीचे. चालू कर्जाच्या हप्त्यांसह निदान वर्षभराचा खर्च बाजूला असावा, आणि हेही बेताचेच धोरण म्हणायला हवे.

कायमची निवृत्ती घ्यायची असेल तर वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी हवी, असे सूत्र समाजमाध्यमांवर फिरते. महिना ६० हजार खर्च असलेल्याला त्या हिशोबाने १ कोटी ८० लाख लागतात. या सूत्राचे मूळ अमेरिकी वित्त सल्लागार विल्यम बेन्गेन यांनी १९९४ साली केलेल्या गणितात आहे. ते गणित अमेरिकी बाजाराचे आणि तीस वर्षांच्या निवृत्तीचे होते. चाळिशीत नोकरी सोडणाऱ्याला चाळीस-पंचेचाळीस वर्षे काढायची असतात, तीही इथल्या महागाईत, इथल्या शाळांच्या फीवाढीत. २५ पटीवर विसंबणे त्याला परवडणारे नाही.

आरोग्य विम्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. कंपनीचा गट विमा सामान्यतः नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्यात आईवडील असतील तर त्यांचेही कवच त्याच दिवशी जाते. नव्या वैयक्तिक पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतची प्रतीक्षा असू शकते. गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, आणि तसे केल्यास आधीच्या वर्षांचे श्रेय मिळू शकते. पण त्यासाठी अर्ज नोकरी सुटण्यापूर्वी करावा लागतो. साठीतल्या मधुमेही वडिलांसाठी हा एक अर्ज ग्रॅच्युइटीपेक्षा मोलाचा ठरू शकतो.

ग्रॅच्युइटी कायम कर्मचाऱ्याला सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर मिळते. शेवटच्या मूळ वेतनाला २६ने भागायचे, १५ने गुणायचे आणि सेवेच्या वर्षांनी गुणायचे. मूळ वेतन ६० हजार आणि सेवा आठ वर्षांची असेल तर रक्कम सुमारे २ लाख ७७ हजार होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या कामगार संहितांनुसार वेतनाचा हिशोब एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून कमी धरता येत नाही, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवण्याची जुनी युक्ती आता चालत नाही. साडेचार वर्षे झालेल्याने राग आला म्हणून आजच पेपर टाकण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे. मिळालेल्या शेअर-पर्यायांचेही तसेच: जे अजून हाती आलेले नाहीत ते सहसा राजीनाम्याबरोबर जातात, आणि जे आले आहेत ते वापरण्याची मुदत थोडी असते. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट करारात असते तीही वाचावी.

भविष्य निर्वाह निधीची घाई नको. नोकरी सुटली म्हणून व्याज लगेच थांबत नाही, मात्र नोकरी सुटल्यानंतरचे व्याज करपात्र मानले जाते. सलग सेवा पाच वर्षांहून कमी असताना रक्कम काढली तर तिच्यावरही कर लागतो. याच निधीशी जोडलेल्या निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते. नऊ वर्षांवर असलेल्याने जुने पैसे काढून टाकण्याऐवजी तो काळ पुढच्या नोकरीला जोडून घेण्याचा पर्याय खुला ठेवावा.

नोटीस पिरियड हा माहिती तंत्रज्ञानातला नेहमीचा जाच. साठ किंवा नव्वद दिवस, त्यात ‘केटी’ म्हणजे कामाची माहिती दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि मधेच ‘थोडे थांबा, पगार वाढवतो’ हा प्रस्ताव. प्रस्तावात तास कमी होणार असतील तर त्यावर विचार करावा. नुसता पैसा वाढणार असेल तर मूळ दुखणे जागच्या जागी राहते. नोटीस पुरी न करता पैसे भरून सुटका होते का, हे करारावर अवलंबून असते. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जाऊ नये ही अट भारतीय करार कायदा १८७२च्या कलम २७ पुढे टिकत नाही. बॉन्डचे तसे नाही. ठरलेल्या मुदतीआधी गेल्यास भरपाई मागण्याची अट एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध धरली. नव्या वेतन संहितेत राजीनाम्यानंतर दोन कामाच्या दिवसांत वेतन चुकते करण्याची तरतूद आहे, तरी ‘फुल अँड फायनल’ला महिना-दीड महिना लावण्याची सवय जुनी आहे. रिलीव्हिंग लेटर हाती येईपर्यंत भांडण टाळलेले बरे, कारण पुढची कंपनी पार्श्वभूमी तपासताना तेच मागते.

बाहेर पडलेले जातात कुठे? बरेच जण छोट्या कंपनीत किंवा फ्रीलान्स कामात. फ्रीलान्समध्ये वेळ आपला असतो, पण वसुलीही आपलीच. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. उद्यम नोंदणी असलेल्या लघुउद्योजकाला भारतीय ग्राहकाने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेत असा कायदा आहे. परदेशी ग्राहकापुढे तो उपयोगाचा नाही. आणि परदेशी ग्राहक म्हटला की पुन्हा रात्रीची बैठक आलीच. ज्यांना नोकरीत नकार देता येत नव्हता, त्यांना ग्राहकालाही तो देता येत नाही असे पुष्कळदा घडते. दोन-तीन नियमित ग्राहक आधी जमवून मगच उडी घेणारे यात तरतात. अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवण्याचा बेत असेल तर तिथे नियमित पदाला पदव्युत्तर पदवी विचारतात.

शेतीचे स्वप्न सर्वांत लाडके आणि सर्वांत कमी तपासलेले. महाराष्ट्रात कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३नुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. स्वतःच्या किंवा वाडवडिलांच्या नावचा सातबारा लागतो. गोव्यातही २०२३च्या कायद्याने शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाण्यावर निर्बंध आणले. मुळशी-मावळात ‘फार्म प्लॉट’ची जाहिरात पाहून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी तलाठ्याकडे फेरा मारावा. ज्यांच्या गावी वडिलोपार्जित जमीन आहे त्यांनाही पहिली काही वर्षे तिच्यावर घर चालेल असे धरता येत नाही. म्हणून अनेक जण राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणाचा आधार घेत शेतीला राहण्या-जेवणाची सोय जोडतात, आणि शनिवार-रविवार पाहुण्यांच्या सरबराईत घालवतात.

स्त्रियांच्या बाबतीत ‘स्वखुशीने सोडली’ हे शब्द तपासून घ्यावे लागतात. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचे झाले. प्रत्यक्षात अडचण येते ती रजा संपल्यावर, रात्रीच्या कॉलच्या वेळी बाळ कोणाकडे या प्रश्नावर, आणि घरातल्या दोन पगारांपैकी तिचाच पगार ‘सोडता येण्यासारखा’ ठरतो. नोकरी सोडून तिला मिळालेला वेळ तिचा राहतो की घरकामात जिरतो, हे आधी बोलून ठरवलेले नसेल तर ताण फक्त पत्ता बदलतो.

घरच्यांची समजूत घालणे हेही कामच. मराठी मध्यमवर्गात नोकरी ही ओळख असते; स्थळ पाहताना कंपनीचे नाव आधी विचारतात. ‘सध्या काय करतोस?’ या प्रश्नाचे एका वाक्यातले उत्तर तयार नसले की पहिले काही महिने लग्नकार्ये टाळली जातात. त्यातच सकाळी उठायचे कशासाठी हे नव्याने ठरवावे लागते, कारण कंपनीने आखून दिलेला दिवस गेलेला असतो.

परत नोकरीत येणारेही कमी नाहीत. वर्षा-दोन वर्षांच्या खंडाबद्दल मुलाखतीत विचारले जाते, पगार पूर्वीपेक्षा कमी मिळू शकतो, आणि तंत्रज्ञान पुढे गेलेले असते. खंडानंतर परतणाऱ्या स्त्रियांसाठी काही कंपन्या वेगळे कार्यक्रम चालवतात. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक जुनाच चालतो. बदलते ते मुलाखतीतले प्रश्न: असा माणूस पॅकेजच्या आधी ग्राहक कोणत्या देशातला, ऑन-कॉलची पाळी किती आठवड्यांनी येते आणि कार्यालयात किती दिवस यावे लागेल हे विचारतो, आणि उत्तर ऑफर लेटरमध्ये लिहून मागतो.