समुपदेशनाची उमेदवारी

सुताराच्या किंवा शिंप्याच्या हाताखाली काम शिकणाऱ्या मुलाला पूर्वी उमेदवार म्हणत असत. रंधा कसा धरावा, कापड कोठे कातरावे, हे त्याला पुस्तकातून नव्हे, तर वस्तादाच्या शेजारी बसून शिकावे लागे. डॉक्टर आणि वकील यांनाही अशी उमेदवारी चुकलेली नाही. परंतु दुसऱ्याचे बोलणे नीट ऐकता यावे म्हणूनही कोणी उमेदवारी करतो, असे सांगितले, तर तुम्हांला नवल वाटेल. मलाही वाटले होते.

मी एका निवासी माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक होतो. निवृत्तीस दोन वर्षे उरली असताना मानसशास्त्रात एम. ए. करणारी एक विद्यार्थिनी समुपदेशनाच्या उमेदवारीसाठी आमच्याकडे आली. मुले तिला ताई म्हणू लागली. म्हणून मीही येथे ताईच म्हणतो.

समुपदेशन या शब्दात 'उपदेश' दडलेला आहे. त्यामुळे माझ्यासारख्या शिक्षकाला हे काम अगदी सोपे वाटते. उपदेश करण्यातच तर आमचे आयुष्य गेले! परंतु येथे नावावर जाऊ नये. १९०८ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी, तरुणांना आपल्या आवडीचा व कुवतीचा व्यवसाय निवडता यावा म्हणून, एक मार्गदर्शन केंद्र सुरू केले. या शास्त्राची सुरुवात पुष्कळदा तेथून मानतात. पुढे कार्ल रॉजर्स या मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सल्ला देण्यापेक्षा समोरच्याचे मन समजून घेण्यावर भर दिला. आपले म्हणणे कोणी खरोखर ऐकत आहे, असे वाटले की माणसाला स्वतःचीच वाट हळूहळू दिसू लागते, असा त्यांचा विश्वास होता.

निवासी शाळेत अशा ऐकणाऱ्याची गरज अधिक असते. आपल्याकडे साताऱ्याची सैनिकी शाळा १९६१ पासून आहे. नवोदय विद्यालये आहेत, आश्रमशाळाही आहेत. नवोदयात मुले सहावीतच घर सोडून येतात. घरी राहणारे मूल सायंकाळी दप्तर टाकले की आईजवळ कुरकुर करते, आजीच्या कुशीत शिरते, आणि दिवसभराचे भांडण तेथेच विसरते. वसतिगृहात मात्र ज्याच्याशी दुपारी भांडण झाले, तोच रात्री शेजारच्या खाटेवर असतो. गृहपाल कितीही प्रेमळ असले, तरी त्यांना एकट्याने साठ मुलांकडे पाहावे लागते.

पहिले पंधरा दिवस ताईने कोणालाही बोलाविले नाही. ती भोजनगृहात मुलांबरोबर जेवी, मैदानाच्या कडेला बसे, आणि कोण नेहमी एकटा असतो, कोणाला पत्र किंवा फोन येत नाही, हे पाही. मग ग्रंथालयाशेजारच्या लहान खोलीत तिचे काम सुरू झाले. तेथे टेबल नव्हते. दोन खुर्च्या थोड्या तिरप्या मांडलेल्या होत्या. खिडकीच्या काचेतून आत कोण आहे ते व्हरांड्यातून दिसे, पण शब्द ऐकू येत नसे. ती प्रत्येक भेटीची टिपणे लिही, मुलाचे खरे नाव न घालता, आणि वही कुलपात ठेवी. दर शनिवारी तिच्या मार्गदर्शक बाई शहरातून येत व ती टिपणे तिच्याबरोबर वाचत. मुलाशी बोलताना आपण कोठे घाई केली, कोठे उगाच समजूत घातली, हे तिला त्यांच्यापुढे सांगावे लागे. उमेदवारी ती हीच.

नोव्हेंबरात आठवीतील एका मुलाने रात्रीचे जेवण सोडले. गृहपालांना वाटले, पोट दुखत असेल. त्यांनी ओवा दिला. मला वाटले, नखरे आहेत. मी त्याला पंक्तीत सर्वांसमक्ष रागावलो. ताईकडे तो तीन दिवस जाऊन बसला आणि केवळ क्रिकेटवर बोलला. तिने त्याला दुसरे काही विचारले नाही. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, कुणाला सांगणार नाही ना?" ती चटकन म्हणाली, "नाही, कुणालाही नाही."

मग त्याने सांगितले. त्याचे आईवडील ऊसतोडीला गेले होते. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडण्यासाठी हंगाम संपेपर्यंत फडात राबणे भागच होते. धाकटी बहीणही बरोबर गेली होती. ती थंडीत कोपीत जमिनीवर झोपते, आईवडील पहाटे अंधारात फडात गेले की एकटी असते. आणि आपण येथे ताटभर जेवतो, हे त्याला सहन होत नव्हते. शनिवारी रात्री कुंपण ओलांडून, हमरस्त्यावरून एखादा ट्रक धरून कारखाना गाठावा, असे त्याने ठरविले होते.

ताईच्या हातून चूक झाली होती. मुलाने सांगितलेली गोष्ट समुपदेशक गुप्त ठेवतो, हे खरे; परंतु त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा त्याला कोणी इजा करीत असेल, तर मदत करू शकणाऱ्यांना ते सांगावेच लागते. मुलांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारकच आहे. ही मर्यादा पहिल्याच भेटीत मुलाला सांगावयाची असते. ते राहून गेले होते.

तिने शनिवारची वाट न पाहता मार्गदर्शक बाईंना फोन केला. त्यांनी सांगितले, मुख्याध्यापकांकडे नंतर जा. आधी त्या मुलाकडे जा. कोणाला सांगणार आणि किती सांगणार, हे त्याला तूच सांग. तो ऐकून संतापला, आणि दार आपटून निघून गेला.

त्यानंतर ती माझ्याकडे आली. "सर, तो रात्री आवाराबाहेर जाण्याचा धोका आहे, आणि त्याला घरच्यांशी बोलता आले पाहिजे. एवढे तुम्हांला कळणे आवश्यक आहे." मी आणखी खोदून विचारले. तिने नम्रपणे नकार दिला. माझ्याच शाळेत माझ्यापासून गुपित! मला राग आला, हे कबूल करतो. पण मला सारे कळले असते, तर मी त्याला बोलावून तासभर उपदेश केला असता, यात शंका नाही.

गृहपालांनी आपली खाट त्याच्या खोलीच्या दाराशी आणली. आईजवळ फोन नव्हता. म्हणून मुकादमाच्या फोनवर बुधवारी आणि रविवारी सायंकाळी बोलण्याची व्यवस्था केली. पहिल्याच दिवशी बहिणीने त्याला विचारले, "दादा, तू काय जेवलास?" त्याला उत्तर देता येईना. त्या रात्री त्याने अर्धी भाकरी खाल्ली.

हे सारे त्या मुलानेच मला शाळा सोडल्यावर सांगितले, आणि येथे लिहिण्यास त्याची संमती आहे.

ताईने त्या आठवड्याच्या टिपणात आपली चूक पहिल्या ओळीत लिहिली. खोलीच्या भिंतीवर तिने एक पाटी लावली. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती राहणार नाही, हे तीवर सोप्या शब्दांत होते. खाली मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा क्रमांक होता. तो दिवसरात्र विनामूल्य लावता येतो.

तो मुलगा तीन आठवडे तिच्याशी बोलला नाही. ती रोज त्याच वेळी खोली उघडून बसे. डिसेंबरातील एका दुपारी मी व्हरांड्यातून जात असता काचेतून तो खुर्चीवर बसलेला दिसला. काय बोलला, ते मी विचारले नाही.