पडेल ती जागा : ग्रॅहम अलेक्झांडरचे हजार सामने

पॅरिसच्या पार्क दे प्रँस मैदानावर १२ सप्टेंबर २००७ च्या रात्री स्कॉटलंडने फ्रान्सला १-० असे हरवले. फ्रान्स वर्षभरापूर्वीच विश्वचषकाचा अंतिम सामना खेळला होता. संघात मॅकलेले, व्हिएरा, रिबेरी अशी नावे होती. जेम्स मॅकफॅडनने लांबून मारलेला तो गोल स्कॉटलंडमध्ये आजही आठवणीने सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या रात्रीच्या स्कॉटिश संघातला डावा बॅक अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे वय पस्तीस वर्षे अकरा महिने. पाय उजवा. क्लबसाठी तो डावा बॅक म्हणून कधी ओळखला गेला नव्हता. दोनच आठवड्यांपूर्वी तो प्रेस्टन नॉर्थ एंड सोडून शेजारच्या बर्नलीत आला होता आणि दोन्ही क्लब इंग्लंडच्या दुसऱ्या स्तरावरचे होते. आधीच्या ऑक्टोबरात ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवर स्कॉटलंडने याच फ्रान्सला १-० हरवले, तेव्हाही डावीकडे हाच उभा होता. त्याचे नाव ग्रॅहम अलेक्झांडर.

फुटबॉलवर मराठीत लिहिले जाते ते बहुधा मेस्सी-रोनाल्डोंबद्दल, किंवा कोलकाता आणि गोव्याबद्दल. इंग्लंडच्या खालच्या विभागांकडे आपण फारसे वळत नाही. पण तिथला व्यावसायिक खेळाडू हा त्या देशातल्या फुटबॉलचा खरा कणा आहे, आणि अलेक्झांडरची कारकीर्द त्या कण्याचा उत्तम नमुना आहे असे माझे ठाम मत आहे.

आधी रचना पाहू. प्रीमियर लीगमध्ये २० क्लब. त्याखालच्या तीन विभागांत प्रत्येकी २४, म्हणजे ७२. प्रत्येकाला हंगामात साखळीचेच ४६ सामने, वर एफए कप आणि लीग कप. हिवाळ्यात मैदाने गोठली की सामने पुढे ढकलले जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याला दोन-दोन येऊन आदळतात. तिकीटविक्रीवर चालणाऱ्या लहान क्लबाला प्रत्येक जागेसाठी दोन माणसे पोसणे परवडत नाही. त्यात राखीव खेळाडूंचा नियम. इंग्लिश साखळीत बदली खेळाडूला परवानगी मिळाली ती १९६५ मध्ये आणि तीही एकालाच. १९८७ मध्ये दोन झाले, १९९०च्या दशकाच्या मध्यात तीन. बाकावर दोनच माणसे बसणार असतील तर त्यातला एक तरी तीन-चार जागी खेळू शकणारा हवा. व्यवस्थापक असा माणूस शोधत असत ते गरजेपोटी. खेळाडूचीही गरज तीच होती. करार एक-दोन वर्षांचे असत. हंगाम संपला की मे महिन्यात कोणाला ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची यादी लागे. उजवा बॅक जायबंदी असताना ‘मी खेळतो’ म्हणणाऱ्याचे नाव त्या यादीत राहण्याची शक्यता अधिक.

अलेक्झांडर १० ऑक्टोबर १९७१ रोजी कॉव्हेन्ट्रीत जन्मला. वडिलांच्या बाजूने स्कॉटिश, म्हणून पुढे स्कॉटलंडकडून खेळला. १९९०-९१ मध्ये तो स्कंथॉर्प युनायटेडच्या पहिल्या संघात आला. स्कंथॉर्प हे लिंकनशायरमधले पोलादाचे गाव, म्हणून क्लबाचे टोपणनावही ‘आयर्न’. क्लब तेव्हा चौथ्या विभागात, म्हणजे अगदी तळाच्या पायरीवर. तिथे पाच हंगामांत तो दीडशेहून अधिक साखळी सामने खेळला, मुख्यतः मधल्या फळीत.

इथे एक योगायोग सांगितलाच पाहिजे. १९९४ मध्ये स्कंथॉर्पमध्ये पस्तीस वर्षांचा टोनी फोर्ड आला. ग्रिम्स्बीचा हा मुलगा १९७५ मध्ये सोळाव्या वर्षी आपल्याच गावच्या क्लबकडून पहिला सामना खेळला होता. सुरुवातीला उजवा विंगर. मग स्टोक सिटी, वेस्ट ब्रॉमविच, पुन्हा ग्रिम्स्बी. वाढत्या वयाबरोबर तो मैदानात मागे सरकत गेला आणि उजवा बॅक झाला. स्कंथॉर्पनंतर मॅन्सफिल्ड आणि रॉचडेल इथे तो सहायक प्रशिक्षकाचे काम करता करता खेळत राहिला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी थांबला. इंग्लिश साखळीत त्याचे ९३१ सामने भरतात. गोलरक्षक सोडले तर हा विक्रम आहे. एकूण विक्रम पीटर शिल्टनचा, १,००५ सामन्यांचा, पण तो गोलरक्षक. सर्व स्पर्धा धरून हजार सामने ओलांडणारा फोर्ड हा इंग्लंडमधला पहिला मैदानी खेळाडू. दुसरा अलेक्झांडर. १९९४-९५ च्या हंगामात हे दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये कपडे बदलत होते, चौथ्या पायरीवरच्या एका पोलादी गावात. फोर्डकडून अलेक्झांडर नेमके काय शिकला याचा दावा मी करणार नाही. पण पुढच्या सतरा वर्षांत तो ज्या वाटेने गेला, ती फोर्डच्या पावलांवरून जाणारी होती हे कोणालाही दिसेल.

१९९५ मध्ये तो ल्यूटन टाउनला गेला. ही चार वर्षे प्रामाणिक मेहनतीची, फारसे सांगण्यासारखे काही नसलेली. मार्च १९९९ मध्ये प्रेस्टनच्या तरुण व्यवस्थापकाने त्याला पन्नास हजार पौंडांत घेतले. तो व्यवस्थापक डेव्हिड मॉयेस, जो पुढे एव्हर्टन आणि मँचेस्टर युनायटेडपर्यंत गेला. इतक्या जागी खेळलेल्या या माणसाला प्रेस्टनमध्ये एक पक्की जागा मिळाली, उजव्या बॅकची. मधल्या फळीत घालवलेली वर्षे तिथे कामी आली. चेंडू कुठून येणार, मोकळा कोण होणार, हे त्याला बाजूच्या रेषेवर उभे राहून आधीच कळत असे. सगळीकडे खेळलेला माणूस कुठलाच नसतो, असा एक समज आहे. प्रेस्टनमधल्या साडेतीनशे साखळी सामन्यांनी तो खोटा ठरवला.

प्रेस्टन हा साधा क्लब नाही. १८८८-८९ च्या पहिल्याच इंग्लिश साखळीचा तो विजेता, तोही एकही सामना न हरता. पण अलेक्झांडर आला तेव्हा तो तिसऱ्या पायरीवर होता. १९९९-२००० मध्ये त्यांनी तो विभाग जिंकला. त्याच विभागात त्याच हंगामात बायचुंग भुतिया बरी क्लबकडून खेळत होता. भारतात ‘भुतिया युरोपात गेला’ अशी केवढी चर्चा झाली होती! तो गेला होता ती जागा ही होती. ओली मैदाने, रेटारेटी, मंगळवारच्या रात्रीचे सामने. भुतियाला तिथे स्थिरावणे जड गेले. त्याच्या कौशल्याबद्दल शंका नाही, पण त्या विभागात टिकायला काय लागते याची कल्पना आपल्याकडे तेव्हा फार थोड्यांना होती. पुढे बरी क्लबच आर्थिक दिवाळखोरीच्या खाईत गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये साखळीतून काढला गेला. या स्तरावर खेळाडूच नव्हे, शंभर वर्षांची संस्थाही एका उन्हाळ्यात नाहीशी होऊ शकते.

प्रेस्टनला वरच्या विभागात जाण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळाली आणि पुन्हा पुन्हा निसटली. २००१ च्या प्ले-ऑफ अंतिम सामन्यात बोल्टनकडून ०-३, २००५ मध्ये वेस्ट हॅमकडून ०-१, २००६ मध्ये उपांत्य फेरीत लीड्सकडून हार. दरम्यान २००२ मध्ये, तिसाव्या वर्षी, अलेक्झांडरला स्कॉटलंडची पहिली टोपी, म्हणजे पहिला आंतरराष्ट्रीय सामना, मिळाली. अशा एकूण चाळीस झाल्या.

ऑगस्ट २००७ मध्ये तो बर्नलीला आला. लँकेशायरमधल्या या गावांशी आपला जुना संबंध आहे. स्वदेशीच्या चळवळीत पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, ते ज्या भागातल्या मागांवर विणले जाई त्यातले बर्नली हे मोठे केंद्र. माग गेले, क्लब राहिला. अलेक्झांडर तिथे छत्तिशीत पोहोचला होता. उजव्या बॅकला सतत वर-खाली धावावे लागते आणि वय सर्वांत आधी तेच हिरावून घेते. व्यवस्थापक ओवेन कॉइलने त्याला बचावफळीच्या पुढ्यात, मधोमध उभे केले. तिथे वेगापेक्षा उभे राहण्याची जागा महत्त्वाची. अनेक भूमिका येणाऱ्या माणसाला याचा जो फायदा होतो, त्याची दखल क्वचितच घेतली जाते. शरीर एक काम नाकारू लागले की त्याच्याकडे दुसरे तयार असते. वयाच्या विशीत मधली फळी, तिशीत बॅक, छत्तिशीत पुन्हा मध, पण वेगळ्या अर्थाने.

२००८-०९ मध्ये बर्नली सर्व स्पर्धांत मिळून ६१ सामने खेळली. लीग कपमध्ये चेल्सीला पेनल्टींवर आणि आर्सेनलला २-० हरवून उपांत्य फेरी गाठली. मे महिन्यात वेम्ब्लीवर शेफील्ड युनायटेडला १-० हरवून तेहतीस वर्षांनी सर्वोच्च विभागात परतली. १५ ऑगस्ट २००९ रोजी स्टोकविरुद्ध अलेक्झांडर प्रीमियर लीगमधला पहिला सामना खेळला, सदतिसाव्या वर्षी. चार दिवसांनी त्याच संघाने आपल्या मैदानावर गतविजेत्या मँचेस्टर युनायटेडला १-० हरवले. त्याच उन्हाळ्यात युनायटेडने रोनाल्डोला आठ कोटी पौंडांना विकले होते. हंगामभर बर्नलीच्या पेनल्टी अलेक्झांडरच मारत होता. चलाखी नाही, थांबणे नाही, सरळ आणि जोरदार. हंगामाअखेर क्लब खाली घसरला, पण अलेक्झांडर प्रीमियर लीगला कमी पडला असे म्हणता येणार नाही. तिथे बोलावणे यायला मात्र त्याला एकोणीस हंगाम लागले. इतका उशीर का, याचे उत्तर त्याच्या पायांपेक्षा पारखणाऱ्यांच्या डोळ्यांत शोधावे लागेल. मोठे क्लब एका जागेसाठी एक माणूस शोधतात. चार जागा चांगल्या सांभाळणाऱ्याची कुठल्याच रकान्यात नोंद होत नाही.

२०११ मध्ये तो हजारावा सामना खेळला आणि त्याच वर्षी प्रेस्टनला परतला. डिसेंबरात व्यवस्थापकाला काढल्यावर काही काळ डेव्हिड अन्सवर्थबरोबर त्याने संघही सांभाळला. पडेल ते काम, इथेही. २८ एप्रिल २०१२ रोजी आपल्या डीपडेल मैदानावर चार्लटनविरुद्ध प्रेस्टन १-२ मागे होते. भरपाईच्या वेळेत फ्री किक मिळाली, चाळिशीच्या अलेक्झांडरने ती थेट जाळ्यात मारली आणि सामना २-२ सुटला. तो त्याचा शेवटचा सामना.

त्यानंतर तो व्यवस्थापक झाला, पुन्हा त्याच खालच्या विभागांत. २०१४ मध्ये फ्लीटवुडला त्याने तिसऱ्या स्तरावर नेले, २०१९ मध्ये सॅल्फर्डला प्रथमच इंग्लिश साखळीत आणले. ३ मे २०२५ रोजी ब्रॅडफर्ड सिटीला भरपाईच्या सहाव्या मिनिटाच्या गोलने बढती मिळाली, ती त्याच्याच हाताखाली. समोर संघ होता फ्लीटवुड.