धडक एक गुन्हा, पळणं दुसरा

'अज्ञात वाहनाच्या धडकेत दुचाकीस्वार ठार.' आतल्या पानावरच्या या चार ओळींच्या बातमीचा शेवट ठरलेला असतो: अज्ञात चालकाविरुद्ध गुन्हा दाखल. त्या गुन्ह्याला शिक्षा किती, असं विचारलं तर हल्ली पुष्कळ जण 'दहा वर्षं' म्हणून मोकळे होतात. तिथेच गफलत आहे.

कायद्याच्या लेखी धडक देणं वेगळं आणि पळणं वेगळं.

आधी धडकेचं पाहू. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर जुन्या भारतीय दंडविधानाच्या ३०४-अ कलमात जास्तीत जास्त दोन वर्षांची कैद होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) ने ती पाच वर्षांपर्यंत नेली. गुन्हा जामीनपात्रच राहिला. मात्र आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची चालकाला जाणीव होती, असं सिद्ध झालं तर प्रकरण सदोष मनुष्यवधात जातं. आताच्या कलम १०५ प्रमाणे तिथे दहा वर्षांपर्यंत कैद आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर दारू प्यालेल्या चालकाच्या मोटारीखाली फुटपाथवर झोपलेले सात मजूर मेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून सहा महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अपघात तोच, कलम बदललं.

आता पळण्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ चालकाला सांगतं, की जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्या, आणि जागेवर पोलीस नसेल तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर २४ तासांत कळवा. जमाव अंगावर येत असेल तर मदतीच्या अटीतून सूट आहे, कळवण्यातून नाही. हे मोडणाऱ्याला कलम १८७ ची शिक्षा आहे: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांचा दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी हा दंड फार तर पाचशे रुपये होता! माणसाला रस्त्यावर टाकून जाण्याची ही किंमत हास्यास्पदच म्हणायची.

मग दहा वर्षं आली कुठून? न्याय संहितेच्या कलम १०६(२) मधून. बेदरकार गाडी चालवून जीव घेतला आणि घटनेनंतर लगेच पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, असं ते म्हणतं. 'लगेच' म्हणजे किती तास, ते लिहिलेलं नाही. थांबलो तर लोक मारतात, पळालो तर दहा वर्षं, असं म्हणत जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी चाकं थांबवली. टँकर अडले आणि महाराष्ट्रातही पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केल्याशिवाय हे कलम आणणार नाही, असं केंद्राने सांगितलं आणि १ जुलैला संहिता लागू झाली ती हे पोटकलम वगळून. चालकांची भीती खोटी नव्हती, पण तिची झळ मेलेल्याच्या घराला बसते.

त्या घरासाठी एक वाट आहे. गाडी सापडलीच नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. आधी ती पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज अपघात झाला त्या तालुक्याच्या तहसीलदाराकडे किंवा प्रांताकडे करायचा. मंजुरी जिल्हाधिकारी देतात. गाडीचा नंबर ठाऊक नाही म्हणून घरी बसू नका. तपास करूनही गाडीचा पत्ता न लागणं, हीच या भरपाईची अट आहे.