गती, घर्षण व गुरुत्वाकर्षण : बोरघाटाच्या आधारे एक पाठ

सामान्य विज्ञानाच्या पाठात ‘गती’ हा विषय आला म्हणजे पुष्कळदा व्याख्या फळ्यावर लिहून दिल्या जातात व मुले त्या पाठ करतात. परंतु व्याख्या पाठ झाल्या तरी मुलांच्या मनातील मूळ समजूत तशीच राहते. ती समजूत अशी, की ढकलणे थांबले म्हणजे वस्तू आपोआप थांबते. ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. त्यासाठी पनवेल तालुक्यातील शिक्षकांस उत्तम साधन जवळच उपलब्ध आहे. ते म्हणजे बोरघाट व त्याकडे जाणारे रस्ते.

प्रारंभी एक सोपा प्रयोग करून घ्यावा. एक फळी थोडी तिरपी ठेवून तिच्या वरच्या टोकापासून गोटी सोडावी. ती प्रथम वाळूवर, नंतर सारवलेल्या जमिनीवर व शेवटी गुळगुळीत फरशीवर जाऊ द्यावी. फळीचा तिरपेपणा तिन्ही वेळा सारखाच असावा. वाळूत गोटी लगेच अडकते, जमिनीवर काही अंतर जाते, फरशीवर पुष्कळ दूर जाते. गोटी तीच व उतारही तोच. मग फरक कशामुळे पडला, हा प्रश्न मुलांस विचारावा. उत्तर मुलांकडूनच येईल. गोटी आपोआप थांबत नाही. पृष्ठभागाचे घर्षण तिला थांबविते. घर्षण मुळीच नसते तर ती चालतच राहिली असती. गॅलिलिओने हाच विचार मांडला व न्यूटनने १६८७ साली त्यास नियमाचे रूप दिले. गती टिकविण्यास बल लागत नाही, गती बदलण्यास बल लागते. जुन्या पाठ्यपुस्तकांत ज्यास ‘प्रेरणा’ म्हटले आहे तेच हे बल होय.

घर्षण कमी करण्याची युक्ती पनवेलच्या जुन्या कारागिरांस चांगली अवगत होती. बैलगाडीची चाके बनविणे हा पनवेलचा एक प्रमुख धंदा होता. देशावरून माल घेऊन उतरणाऱ्या गाड्या येथून चाकांच्या नव्या जोड्या घेऊन जात, असा उल्लेख इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात आहे. वजनदार पोते जमिनीवरून ओढताना त्याचा सारा तळ जमिनीवर घासतो. तेच पोते गाडीत घातले म्हणजे लोखंडी धाव जमिनीवर घासत नाही, ती फिरते. घासणे उरते ते तुंबा व आस यांच्यामध्ये. आणि तेथे वंगण घालता येते. वर्गात एक वीट दोरीने ओढावी. दोरीस रबराचे वेटोळे बांधून ते किती ताणले जाते ते पाहावे. मग विटेखाली चार-पाच गोल पेन्सिली ठेवून पुन्हा ओढावे. रबर बरेच कमी ताणलेले दिसेल.

आता घाटाकडे वळावे. पृथ्वी प्रत्येक वस्तूस आपल्या केंद्राकडे ओढते, हे गुरुत्वाकर्षण. सपाटीवर ही ओढ जमिनीत दाबली जाते व पुढे जाण्याच्या आड येत नाही. चढावर मात्र तिचा काही भाग गाडीस मागे खेचतो. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला. त्यावरील सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट असा आहे. म्हणजे दर ३७ टन वजनामागे सुमारे १ टन ओढ गाडीस खाली नेऊ पाहते. याच कारणाने कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांस मागून जादा इंजिने लावण्याची पद्धत पडली. बैलगाडीवान चढावर थांबताना चाकामागे उटी लावतो, त्याचेही कारण हेच.

उतारावर प्रश्न उलटा होतो. तेथे ओढण्यास बल नको, थोपविण्यास हवे. आणि ते काम घर्षणच करते. चढताना नकोसे वाटणारे घर्षण उतरताना प्राण वाचविते. १० टनांचा ट्रक ५०० मीटर उंचीवरून सारखा ब्रेक दाबीत उतरला, तर सुमारे दीडशे लिटर पाणी उकळीस यावे इतकी उष्णता निर्माण होते. ब्रेक अतिशय तापले की त्यांची पकड सुटते. यास्तव उतारावर इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवून त्याच्याकडूनही गाडी थोपवून घ्यावी लागते. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणे म्हणजे हा आधार गमावणे होय. रेल्वेने घाटात उतारालगत चढावर जाणारे आडमार्ग बांधले, ते याच धोक्यासाठी. ताब्यातून सुटलेली गाडी त्या मार्गावर वळली की गुरुत्वाकर्षणच तिला थोपविते.

या पाठाचा सर्वांत निकडीचा उपयोग शाळेच्या वाटेवर आहे. पनवेल स्थानकाच्या पूर्वेस सिडकोने वसविलेले नवीन पनवेल असो वा आसपासची खेडी असोत, मुलांस वाहत्या रस्त्यांशी रोजच संबंध येतो. जवळच कळंबोली येथून २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सुरू होतो. मुलांस वाटते, चालकाने आपल्यास पाहिले म्हणजे गाडी थांबेलच. परंतु चालकास ब्रेक दाबण्यास सुमारे १ सेकंद लागतो, असे धरावे. ताशी ४० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्यात ११ मीटर जाते व कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे ९ मीटर. एकूण २० मीटर. वेग दुप्पट, म्हणजे ८० झाला, तर हेच आकडे २२ व ३६, एकूण ५८ मीटर होतात. वेग दुप्पट झाला की ब्रेकचे अंतर चौपट होते. पावसात घर्षण घटल्याने ८० च्या वेगास एकूण अंतर ८० मीटरांहूनही अधिक होऊ शकते.

हे आकडे केवळ सांगून भागणार नाही. शाळेच्या मैदानावर किंवा सुरक्षित मोकळ्या जागेत २०, ५८ व ८५ मीटरांवर काठ्या रोवाव्यात व मुलांस ही अंतरे पावलांनी मोजावयास लावावीत. नंतर पुढील प्रश्न विचारावेत : पावसाळ्यात रस्ता ओलांडताना अधिक का थांबावे? गुळगुळीत झालेला टायर का बदलावा? भरलेली गाडी उतारावर कशी थोपवावी? मुलांनी ही उत्तरे आपल्या शब्दांत दिली, तर गतीचा नियम त्यांस कळला असे समजावे. व्याख्या त्यानंतर फळ्यावर लिहावी.