माउंट व्हिटनीची भानगड

शिखराला शास्त्रज्ञाचं नाव दिलं, म्हणून ते शास्त्रज्ञांना सापडतंच असं थोडंच आहे? कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा रांगेतलं माउंट व्हिटनी घ्या. उंची 14,505 फूट. अलास्का सोडलं तर अमेरिकेत याच्याहून उंच काही नाही.

1864 मध्ये कॅलिफोर्नियाच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या मंडळींनी ते लांबून पाहिलं आणि आपले साहेब, भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी, यांचं नाव देऊन टाकलं. साहेबांची मर्जी राखायला याहून उंच जागा कुठून मिळणार!

पथकातल्या क्लॅरन्स किंग या तरुणाला वर चढायचंच होतं. तेव्हा जमलं नाही. 1871 मध्ये तो एका माथ्यावर पोचला, फत्ते झाली म्हणून खाली आला आणि पुढच्याच वर्षी पुस्तकही छापून मोकळा झाला. 1873 च्या उन्हाळ्यात दोघेजण त्याच माथ्यावर गेले, तेही चक्क खेचरांवर बसून. बघतात तर काय, खरं व्हिटनी पलीकडे काही मैलांवर उभं! किंगने सर केलेलं शिखर होतं आजचं माउंट लँगली.

किंगसाहेब धावतपळत परतले, सप्टेंबरात खऱ्या शिखरावर चढलेही. पण 18 ऑगस्टलाच मासेमारीच्या सहलीवर निघालेले लोन पाइन गावचे तिघे तिथे जाऊन आले होते. 'फिशरमन्स पीक' हे त्यांनी शिखराला दिलेलं नाव काही टिकलं नाही. किंगचं मात्र काही बिघडलं नाही. 1879 मध्ये तो अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा पहिला संचालक झाला.

खुद्द व्हिटनीही चुकले. याच रांगेतली योसेमिटी दरी जमीन खचून झाली, असं त्यांचं ठाम मत. ती हिमनद्यांनी कोरली, असं म्हणणाऱ्या निसर्गप्रेमी जॉन म्यूरला त्यांनी मेंढपाळ म्हणून हिणवलं. म्यूरने मेंढ्या राखल्या होत्या हे खरंच, पण हिमनद्यांबाबत तोच बरोबर निघाला. वर त्याच 1873 च्या ऑक्टोबरात पठ्ठ्या व्हिटनीचं शिखरही चढून आला.

माथ्यावर 1909 मध्ये शास्त्रज्ञांसाठी बांधलेली दगडी खोली आजही उभी आहे. विजा कडाडू लागल्या तर तिच्यात शिरू नका. 1990 मध्ये आत आसरा घेतलेल्या एकाचा वीज पडून मृत्यू झाला.

जायचंय? मग फेब्रुवारीत परवान्याच्या सोडतीत नाव घाला. आणि हो, वाटेत संडास नाहीत. आपली घाण पिशवीत भरून आपणच खाली आणायची, असा तिथला नियम आहे.