विद्युत् पंपाच्या गतीचे नियमन

विहिरीवरील थ्री-फेज विद्युत् मोटर एकाच गतीने फिरते. पिकास पाणी थोडे लागो अथवा पुष्कळ, तिची गती बदलत नाही. ठिबक संचाचा लहान पट्टा भिजवावयाचा असल्यास शेतकरी व्हॉल्व्ह अर्धवट बंद करतो. त्यामुळे पाणी कमी होते, परंतु पंपाने निर्माण केलेला जादा दाब व्हॉल्व्हपाशी वाया जातो. मोटरची गतीच गरजेप्रमाणे कमी करता आली, तर हा अपव्यय टळतो. हे कार्य व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह या यंत्राने साधते. ए. सी. मोटरच्या सौर पंपाची नियंत्रक पेटी याच तत्त्वावर चालते. ऊन मंदावले की ती मोटरची गती उतरविते.

यंत्राचे कार्य

आपल्याकडील विजेची सेकंदास ५० आवर्तने होतात. चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकीय क्षेत्र त्यामुळे मिनिटास १,५०० फेरे घेते व मोटर त्याहून किंचित कमी, सुमारे १,४४० फेरे फिरते. आवर्तने ४० केली, की क्षेत्राचे फेरे १,२०० होतात. ड्राइव्ह प्रथम येणारी वीज एकदिश करतो आणि तीपासून हव्या त्या आवर्तनांची वीज पुन्हा तयार करतो. आवर्तनांबरोबर विजेचा दाबही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो. ५० आवर्तनांस ४१५ व्होल्ट, तर ४० आवर्तनांस ३३२ व्होल्ट. असे न केल्यास मोटर तापून वेटोळे जळेल.

दुसरा लाभ मोटर सुरू होतानाचा. थेट सुरू केलेली मोटर क्षणभर नेहमीच्या सहा-सात पट प्रवाह ओढते. वीज परत येताच एका रोहित्रावरील अनेक पंप एकदम सुरू झाले, तर दाब कोसळतो व रोहित्रावर ताण पडतो. ड्राइव्ह गती हळूहळू वाढवितो, म्हणून हा धक्का बसत नाही.

बचत किती?

गती कमी केली असता पाणी त्याच प्रमाणात, दाब गतीच्या वर्गाच्या प्रमाणात आणि लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात कमी होते. ४० आवर्तनांस पाणी ८० टक्के, दाब ६४ टक्के आणि शक्ती सुमारे ५१ टक्के राहते.

मात्र हा हिशेब खोल विहिरीस जसाच्या तसा लागू पडत नाही. समजा, पाणी २४ मीटर उंच चढवावयाचे आहे व पंप व्हॉल्व्ह बंद असता ४० मीटर दाब देतो. ४० आवर्तनांस तो दाब २५.६ मीटर होईल व पाणी जेमतेम वर येईल. ३५ आवर्तनांस तो १९.६ मीटरच राहील. मोटर फिरेल, वीज खर्च होईल, पण पाटात थेंबही पडणार नाही; उलट आतले पाणी घुसळून पंप तापेल.

बसविताना घ्यावयाची दक्षता

१. ड्राइव्हची निवड मोटरच्या पाटीवरील अँपिअर पाहून करावी. केवळ अश्वशक्तीवर विसंबू नये.

२. ड्राइव्ह व मोटर यांच्यामध्ये कपॅसिटर ठेवू नये. जुना असल्यास काढून टाकावा.

३. सबमर्सिबल मोटर ३० आवर्तनांखाली चालवू नये. तिची केबल लांब असल्यास उत्पादकाने सांगितलेला फिल्टर बसवावा.

४. पेटी सावलीत, हवेशीर जागी व भिंतीवर उभी बसवावी. धूळ, मुंग्या व पाली आत शिरणार नाहीत असा बंदोबस्त करावा.

५. ड्राइव्ह व मोटर या दोहोंस पक्के अर्थिंग करावे.

६. वीज बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये प्राणघातक दाब काही काळ टिकतो. झाकणावर लिहिलेला अवधी संपल्याखेरीज पेटीत हात घालू नये. दुरुस्ती परवानाधारक तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी.

कोणी घ्यावा?

ज्यांच्या ठिबक संचाचे पट्टे लहानमोठे आहेत, अथवा ज्यांच्या पाण्याची गरज हंगामागणिक बदलते, त्यांस हे यंत्र उपयोगी पडेल. सदैव पूर्ण धारेने मोकळ्या पाटात पाणी सोडणाऱ्यास त्यापासून विजेची बचत फारशी होणार नाही. म्हणून ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी विहिरीतील पाण्याची खोली, नळाची लांबी व पिकाची गरज यांची नोंद प्रथम शेतकऱ्याकडून करून घ्यावी. खरेदीचा विचार त्यानंतर करावा.